सायन्स आणि आर्ट एकत्र करून मुलांचा प्रोजेक्ट: चार्ट रंगवण्याच्या पुढे काय करता येईल?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला सायन्स शिकवते. यंदा आमच्याकडे असं ठरलंय की सायन्स, ड्रॉइंग आणि म्युझिकच्या शिक्षकांनी मिळून मुलांकडून एकच मोठा प्रोजेक्ट करून घ्यायचा, सहा आठवडे, आठवड्याला तीन तास. कल्पना मला मनापासून आवडलीय पण नेटवर शोधायला बसलं की जे दिसतं ते बघून उत्साहच मावळतो. मातीची पेशी करा, सूर्यमालेचे गोळे रंगवा, ज्वालामुखी बनवून त्यात सोडा आणि व्हिनेगर ओता. यात आर्ट म्हणजे नुसतं रंगकाम आणि सायन्स म्हणजे पुस्तकात आधीच छापलेलं उत्तर. ज्वालामुखीचं तर मला फारच खटकतं, कारण मुलांच्या डोक्यात हेच बसतं की आत सोडा-व्हिनेगरसारखी काहीतरी रिअ‍ॅक्शन होते आणि मग लाव्हा येतो, खरं तर वितळलेल्या खडकात विरघळलेले वायू दाब कमी झाला की फुगे होऊन बाहेर पडतात आणि खडकाला वर ढकलतात, म्हणजे इतकं सुंदर मॉडेल करून मुलं चुकीची गोष्ट शिकतात.

मला असा प्रोजेक्ट हवाय ज्यात दोन्ही बाजूंना खरं काम असेल. शिवाय मार्क कसे द्यायचे हाही प्रश्न आहेच, ज्याचा हात चांगला त्याचं चित्र चांगलं, मग त्याला सायन्सचे मार्क जास्त का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

अनुनाद

ताई, मी फिजिक्सवाला, पण गाण्याची बैठक आहे थोडी, त्यामुळे माझं मत आवाजाच्या बाजूने झुकणार. मुलांकडून पाइपचं वाद्य बनवून घ्या. हे खूप ठिकाणी होतं, पण बहुतेक वेळा लांबी आयती दिली जाते, मुलं कापतात, वाजवतात, टाळ्या, संपलं. लांबी देऊ नका. तीच शोधायची आहे.

एका बाजूने बंद पाइपमध्ये मूळ सुराची तरंगलांबी पाइपच्या चौपट असते, म्हणजे लांबी = आवाजाचा वेग ÷ (४ × वारंवारता), वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंप, हर्ट्झमध्ये. पुस्तकात वेग ३४३ मीटर प्रति सेकंद दिलेला असतो. २६२ हर्ट्झचा सा धरला तर लांबी येते ३२.७ सेंटिमीटर. मग बाकीचे सूर गुणोत्तराने, पंचमाची वारंवारता दीडपट म्हणून लांबी दोन तृतीयांश, २१.८, आणि वरच्या सा ची निम्मी, १६.३५. मुलं हे गणित आनंदाने करतात आणि मोजून कापतात. आतला व्यास २ सेंटिमीटरचा प्लास्टिक पाइप घ्या, कडा कानशीने घासून घ्या.

आता खरी मजा. समजा वर्गात ३० अंश तापमान आहे. फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपवर सा बघितला तर २६२ च्या अगदी जवळ येतो, सगळे खूश. मग पंचम वाजवतात, तर जो मुलगा किंवा मुलगी गाणं शिकते ती लगेच तोंड वाकडं करते, "उतरलाय हा". अ‍ॅप बघितलं तर ३९३ च्या जागी साधारण साडेतीन हर्ट्झने कमी. वरचा सा तर जवळजवळ नऊ हर्ट्झने खाली. म्हणजे पाइप जितका आखूड तितका जास्त बेसूर! गणित बरोबर, कापणं बरोबर, मग हे काय? हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागत नाही, मुलं स्वतःच विचारतात, कारण त्यांना वाद्य वाजवायचंय आणि ते बेसूर लागतंय.

उत्तरात दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक, ३४३ हा वेग २० अंशाचा, तापमान एक अंशाने वाढलं की वेग साधारण ०.६ ने वाढतो, ३० ला तो ३४९ होतो. दुसरी, हवेचा कंप पाइपच्या तोंडापाशी बरोब्बर थांबत नाही, थोडा बाहेर येतो, त्यामुळे पाइप वागायला त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट जास्त लांब असतो, इथे ६ मिलिमीटर. पहिल्या चुकीने सूर चढतो, दुसरीने उतरतो, आणि सा च्या पाइपमध्ये योगायोगाने दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. बरोबर आलेलं उत्तरसुद्धा चुकीच्या कारणाने बरोबर येऊ शकतं हे आठवीच्या मुलाला इतक्या स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

मग मुलांना वेग तापमानाप्रमाणे घेऊन पुन्हा कापायला लावा. आता सगळेच पाइप उतरलेले येतील. प्रत्येक पाइप कानशीने थोडा थोडा घासत सुरात आणायचा आणि किती मिलिमीटर गेले ते लिहून ठेवायचं. सगळ्यांचं उत्तर सहाच्या आसपास येतं, पाइप लांब असो की आखूड. तो आकडा फळ्यावर एकाखाली एक बघताना मुलांचे चेहरे बघा! आणि लगेच एका गटाला ४ सेंटिमीटर व्यासाचा पाइप द्या, वाजवायच्या आधी अंदाज सांगायला लावा.

एक सावधानता, काठावरून फुंकर मारली की ओठाने तोंड अर्धवट झाकलं जातं आणि सूर आणखी उतरतो. मोजताना उघड्या तोंडावर बोट किंवा रबराची चपटी पट्टी हलकेच मारून लगेच उचला.

यात कान हे मोजमापाचं साधन आहे. वर्गातल्या गाणाऱ्या मुलीला पहिल्यांदा कळतं की तिच्याकडे जे आहे ते सायन्समध्येही चालतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये तबला-मृदंगावर लिहिलं तेही असंच, साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत पण मधल्या शाईच्या वजनामुळे ते जवळजवळ सुरेल पटीत येतात, हे ऐकून मग मोजलेलं आहे.

सरळसोट

वरचा पाइपचा प्रयोग उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कोणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी म्हणून लिहितो. प्रोजेक्टने शिकवायची कल्पना नवी नाही, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रोजेक्ट मेथडवर १९१८ मध्ये लिहिलं, शंभर वर्षांहून जास्त झाली, आणि तेव्हापासून एकच तक्रार परत परत येतेय की मुलं कामात बुडून जातात पण नेमकं काय शिकली ते सांगता येत नाही. ज्या मुलाला तरंगलांबी म्हणजे काय हेच धड माहीत नाही त्याच्या हातात करवत, पाइप, अ‍ॅप, गटातली भांडणं आणि वरून "शोधा" असा आदेश दिला तर तो काय शोधणार? त्याचं सगळं लक्ष पाइप सरळ कापण्यातच जातं. हुशार मुलं शोधतात, बाकीची धरून उभी राहतात. आणि हे नुकसान कोणाचं होतं, तर ज्या मुलाला शाळेशिवाय शिकवणारं कोणी नाही त्याचं, हे मला फार लागतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की आधी सरळ शिकवा. तरंग, वारंवारता, लांबीशी संबंध, दोन-तीन तास फळ्यावर, उदाहरणं सोडवून घ्या, छोटी चाचणी घ्या, आणि मगच पाइप. सहा आठवड्यांतला पहिला आठवडा पूर्ण याला द्या. आणि प्रोजेक्टमध्ये एकावेळी एकच गोष्ट अनोळखी ठेवा. करवत चालवणं वेगळ्या तासाला शिकवून टाका, अ‍ॅप आधी दाखवून ठेवा.

दुसरं, नुसतं बघून "वा" म्हणण्याला प्रोजेक्ट म्हणू नका. क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या ताटलीवर वाळू टाकून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला, वाळू जिथे ताटली हलत नाही त्या रेषांवर जमते आणि अप्रतिम नक्षी दिसते. हे आता प्रत्येक सायन्स-आर्ट कार्यक्रमात स्पीकर लावून दाखवतात, मुलं फोटो काढतात आणि घरी जातात. मुलाने आधी कागदावर काढून दाखवावं की इथे धरलं तर वाळू कुठे जाईल, मग बघावं, चुकलं तर का चुकलं ते लिहावं. तेवढं केलं तर माझी तक्रार नाही.

निळाई

मी चित्रकला शिकवते. सरळसोट सरांशी बरीचशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते नेहमी. अशा एकत्र प्रोजेक्टमध्ये ड्रॉइंगच्या शिक्षकाला शेवटच्या आठवड्यात बोलावतात. "बाई, जरा बॉर्डर करून द्या, टायटल छान काढून द्या." प्लॅनिंगच्या मीटिंगला आम्ही नसतोच. त्यामुळे खडूफळा ताई, पहिल्या दिवसापासून तिघं एकत्र बसा, हे सगळ्यात आधी.

माझ्याकडून सुचवण्यासारखं म्हणजे सायनोटाइप. उन्हात उमटणारा निळा फोटो, कॅमेरा लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणं करून सारखी मिसळायची, कागदावर ब्रशने लावायची, अंधारात वाळवायचं, वर पान किंवा कापलेला आकार ठेवून उन्हात धरायचं. उन्हातले अतिनील किरण फेरिक प्रकारच्या लोहाचं फेरस प्रकारात रूपांतर करतात आणि त्यातून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो, जिथे ऊन लागलं नाही तिथलं रसायन पाण्यात धुऊन जातं आणि पांढरं राहतं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळांच्या अशा निळ्या प्रती काढून पुस्तकाचे भाग तयार करायला सुरुवात केली. शेवाळाचे इतके नाजूक तंतू हाताने काढणं अवघड म्हणून त्यांनी हे वापरलं, म्हणजे गरज सायन्सची होती.

पण पान ठेवून एक प्रिंट काढली की तोही "वा" प्रकारच होतो. म्हणून मी अट घालते की चित्रात किमान तीन वेगळे निळे हवेत, आणि कुठला कुठे येणार ते आधी पेन्सिलच्या कच्च्या चित्रात लिहून द्यायचं. झालं, आता मोजल्याशिवाय सुटका नाही! आधी टेस्ट पट्टी करावी लागते. कागदाची लांब पट्टी पुठ्ठ्याने झाकायची आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा बोटभर सरकवायचा, म्हणजे एकाच पट्टीवर दोन, चार, सहा, आठ, दहा मिनिटांचे निळे मिळतात. धुतल्या धुतल्या रंग ठरवू नका, वाळताना हवेने तो आणखी गडद होतो, दुसऱ्या दिवशी बघा. मग प्रश्न आपोआप येतात. आठ आणि दहा सारखेच का दिसतात? सकाळी नऊची पट्टी आणि दुपारी बाराची पट्टी वेगळी का? काचेखाली धरलं तर वेळ का वाढला? एकाच चित्रात तीन छटा आणायला ट्रेसिंग पेपरचे एक, दोन, तीन थर ठेवता येतात का, आणि प्रत्येक थर किती ऊन अडवतो? मुलांच्या वह्यांत आकडे आणि रंगाच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या असतात, ती पानं मला शेवटच्या चित्राइतकीच आवडतात.

रसायनं मोठ्यांनीच मिसळायची, हातमोजे घालायचे, पावडर उडू द्यायची नाही आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल किंवा गरम करायचं काही आणायचं नाही. नको वाटलं तर तयार लेप दिलेला कागद मिळतो.

माझी कसोटी एकच असते. मोजल्यामुळे चित्रातला एखादा निर्णय बदलला का, आणि चित्राच्या गरजेमुळे काही नवीन मोजावं लागलं का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर तो एकत्र प्रोजेक्ट.

चौकसबाप

शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे, तरी लिहितो. कृपा करून प्रोजेक्टचं काम घरी देऊ नका. घरी आलं की ते आईबाप करतात, रात्री अकरा वाजता, आणि मूल शेजारी झोपलेलं असतं. गटात दिलं तर एक मुलगी सगळं लिहिते, एक मुलगा सगळं कापतो आणि दोघं फक्त नाव घालतात. कामं दर आठवड्याला फिरवा, ज्याने मोजलं त्याने पुढच्या वेळी रचना करायची.

घरी द्यायचंच असेल तर असं द्या जे आम्ही करून देऊच शकत नाही. चंद्र काढायला सांगा. रोज संध्याकाळी दिसेल तेव्हा, वेळ आणि दिशा लिहून, कोर कुठल्या बाजूला कललीय, क्षितिजापासून किती मुठी वर आहे. रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे वाक्य पाठ करणं वेगळं आणि कालच्या वेळेला खिडकीत उभं राहून तो न सापडणं वेगळं. साध्या फोनने फोटो काढला तर पांढरा ठिपका येतो, म्हणून हातानेच काढावं लागतं. दुर्बीण मिळाली तर उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या दिसतात.

इथे मला गॅलिलिओची गोष्ट फार आवडते. १६०९ च्या उन्हाळ्यात थॉमस हॅरियट या गणितज्ञाने इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून चंद्र बघून चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्यात सीमारेषा वेडीवाकडी आहे, पण ती तशी का हे काही त्यातून कळत नाही. गॅलिलिओला चित्रकलेची, छायाप्रकाशाची चांगली जाण होती. त्याने तीच वेडीवाकडी रेषा बघितली आणि त्याला डोंगर आणि त्यांच्या सावल्या दिसल्या, अंधाऱ्या भागात चमकणारे ठिपके म्हणजे ऊन लागलेली शिखरं हे त्याने ओळखलं, आणि त्यावरून उंचीसुद्धा काढली. १६१० मध्ये ते छापून आल्यावर हॅरियटच्याही चित्रांत खड्डे दिसायला लागले. सावली काढायला शिकलेल्या माणसालाच सावली वाचता आली, म्हणून ड्रॉइंगचा तास सायन्सवाल्यांनी कापून घेऊ नये असं मला वाटतं.

खडूफळा

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं! आज ड्रॉइंग आणि म्युझिकच्या दोघांना बसवून हा धागा वाचून दाखवला. पाइपच करायचं ठरतंय, पहिला आठवडा सरळसोट सर म्हणतात तसा फळ्यावर, आणि घरी चंद्र. सायनोटाइप सहावीसाठी पुढच्या सत्रात.

दोन शंका राहिल्या. अनुनाद सर, ज्यांना सूर कळतच नाही अशी मुलं बरीच आहेत, त्यांनी काय करायचं? आणि मार्कांचं अजून कोणी नीट सांगितलं नाही. म्युझिकच्या मॅडमची भीती वेगळीच, त्या म्हणतात की शेवटी हे सूर जुळवण्याचं वर्कशॉप होईल आणि गाण्याचं काही उरणार नाही.

अनुनाद

मॅडमची भीती रास्त आहे. म्हणून तिसऱ्या आठवड्यातच चाल बांधायला सुरुवात करा, पाइप पूर्ण सुरात यायची वाट बघू नका. एका पाइपला एकच सूर, त्यामुळे चाल वाजवायला आठ जणांना एकमेकांकडे बघत आपापल्या वेळी वाजवावं लागतं, यात ताल चुकला की लगेच ऐकू येतो. मुलांना दोन मिनिटांची स्वतःची रचना करायला सांगा, एखाद्या नैसर्गिक घटनेवर, पाऊस सुरू होऊन थांबणं वगैरे. मग त्यांना खर्जातला सा हवासा वाटतो, त्यासाठी ६६ सेंटिमीटरचा पाइप लागतो, आणि तो आखूड पाइपांपेक्षा हळू वाजतो म्हणून बाकीच्यांनी दबकं वाजवायचं, की तो दोघांनी वाजवायचा, असे निर्णय मॅडमनी घ्यायचे, मी किंवा तुम्ही नाही.

सूर न कळणाऱ्यांसाठी ठोके शिकवा. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की आवाज वॉव-वॉव असा कमीजास्त होतो आणि सेकंदाला जितके ठोके तितका हर्ट्झचा फरक. फोनच्या टोन जनरेटर अ‍ॅपवर हवा तो सूर लावून ठेवा, पाइपच्या तोंडावरून हळू फुंकून सूर लांबवा, दोन-तीन हर्ट्झचा फरक असेल तर ठोके मोजता येतात. फुंकण्याने सूर उतरतो हे वर सांगितलंच आहे, त्यामुळे हे फक्त ठोके ओळखायला शिकण्यापुरतं, आकडा मात्र पट्टीने मारूनच घ्या. ज्याला "उतरलाय" हे कळत नाही त्यालाही ठोके ऐकू येतात. एकदा ते ऐकायला लागला की पुढे कानही सुधारतो, हे मी बऱ्याच मुलांत पाहिलंय.

सरळसोट

मार्कांबद्दल माझी पद्धत सांगतो. तयार वस्तूला कमीत कमी, शंभरातले पंधरा-वीस. सगळ्यात जास्त वहीला, तारखेसकट, खोडलेलं न फाडता, आणि त्यात किमान दोन ठिकाणी "आधी असं वाटलं, मग असं मोजलं, म्हणून असं बदललं" हे दिसायला हवं. उरलेले मार्क एकेकट्याला समोर बसवून तीन-चार मिनिटांच्या तोंडी प्रश्नांना. हातात त्याच्याच गटाचा पाइप द्यायचा आणि विचारायचं, याची बंद बाजू उघडली तर सूर कुठे जाईल? उद्या थंडी पडली तर सगळं वाद्य चढेल की उतरेल, आणि सुरांमधलं अंतर बदलेल का? यावर गटाच्या मागे लपता येत नाही, आणि चित्र वाईट पण समज पक्की असलेल्या मुलाला न्याय मिळतो. कलेचे मार्क मात्र कलेच्या शिक्षकांनीच, वेगळ्या रकान्यात द्यावेत, आपण त्यात हात घालू नये.

खडूफळा

हे अगदी हवं होतं. थंडीचा प्रश्न मी चोरतेय सर! अजून एकच, बंद बाजू कशाने बंद करू? मातीने केली तर चालेल का?

अनुनाद

माती चालते, पण ती आत किती शिरली ते प्रत्येक वेळी बदलतं आणि तेवढी लांबी कमी होते, मग सहा मिलिमीटर शोधायचे आणि मातीचीच चूक पाच मिलिमीटरची. वाळली की आकसून फटही पडते. बाहेरून बसणारं झाकण घ्या, पाइपच्या मापाचं मिळतं, आतली सपाट बाजू पाइपच्या कडेला टेकेपर्यंत दाबा. लांबी नेहमी आतून मोजा, पातळ काडी आत घालून खूण करा. आणि पहिल्यांदा कापताना प्रत्येक पाइप गणितापेक्षा सेंटिमीटरभर लांबच ठेवा, म्हणजे करवत तिरकी गेली तरी कड सरळ घासून गणिताच्या मापावर आणता येईल, आणि वजाबाकी तिथपासून सुरू करा.